कळ सोसू नका

पाळीत चंद्रपूरच्या वीज केंद्राजवळच्या ऊर्जानगर वसाहतीतली मुलगी पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून पडू शकते. गडचिरोलीतल्या अनेक माडिया आदिवासी गावांत मात्र मुलीला पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या झोपडीत, कुर्माघरात राहावं लागतं, तिथे शेक कुठला? कळ दोघींची सारखीच. गर्भाशयाच्या अस्तरातल्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात, रक्तपुरवठा घटतो, ओटीपोटापासून मांड्यांपर्यंत ठणकतं. मेफेनॅमिक अॅसिड, आयब्युप्रोफेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात. म्हणून गोळी कळ सुरू होताच, दोन घास खाऊन घ्यावी. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पण प्रत्येक कळ साधी नसते, तिच्यामागे आजारही असू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते. हे १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणून दुखणं महिन्यागणिक वाढत असेल, पाळी संपूनही थांबत नसेल, तर तपासणी लगेच करून घ्या.