धुराचा हिशेब आणि आपल्या मुलांची तालीम

कापडाच्या धंद्यात आजवर तीन हिशेब ठेवावे लागत. सूत किती आले, कापड किती निघाले आणि उधारी किती थकली. आता चौथा हिशेब दारात येऊन उभा आहे, तो धुराचा.

दोन वर्षांपूर्वी परदेशी माल पाठविणाऱ्या एका व्यापाऱ्याने आमच्याकडे इंग्रजी प्रश्नावली पाठविली. महिन्याला वीज किती जळते, सायझिंगच्या बॉयलरमध्ये कोळसा जातो की लाकूड, रंगाई कोठे होते, एक किलो कापडामागे कार्बन किती, असे सवाल होते. आमची तालीम उर्दू शाळेत झालेली. बिल-चलन वाचण्यापुरते इंग्रजी येते, पण या सवालांचा अर्थच लागेना. कागद महिनाभर गल्ल्याखाली पडून राहिला आणि ऑर्डर दुसरीकडे गेली. त्या व्यापाऱ्यावर आमचा राग नाही. त्याच्या गिऱ्हाइकाने त्याला विचारले, म्हणून त्याने आम्हाला विचारले.

पुढे बी.एस्सी. झालेल्या आमच्या पुतणीने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "चाचा, हे तर शिकवतात. याची एम.ए., एम.एस्सी. असते." घरात सर्वांचे मत तिने बी.एड. करून शाळेत लागावे असे होते. म्हणून आम्हीच चौकशीला लागलो. जे समजले ते समाजातील व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

हा विषय आहे तरी काय?

कोळसा, डिझेल, गॅस जळाला की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, हवेत साठतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. याचा शास्त्रीय आढावा घेण्यासाठी 1988 साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आय.पी.सी.सी. ही समिती स्थापन झाली. 2015 साली पॅरिस येथे जगातील देशांनी करार केला. 2021 साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने 2070 पर्यंत 'नेट झिरो' गाठण्याचे जाहीर केले, म्हणजे हवेत जेवढा वायू सोडू तेवढा शोषूनही घेऊ.

करार झाला तरी तो गावात, कारखान्यात, बाजारात उतरविण्यासाठी कायदा लागतो, कर लागतो, सवलत लागते, मोजमाप लागते. कोणावर किती बोजा टाकायचा हे ठरवावे लागते. या ठरविण्याच्या विद्येला हवामान धोरण म्हणतात. यात थोडे विज्ञान, थोडे अर्थशास्त्र, थोडा कायदा आणि बरेचसे हिशेबाचे काम असते. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, टाळावी ही तर आपल्या दीनची शिकवण आहे. तेव्हा हा विषय आपणास परका नाही.

आपल्या धंद्याशी संबंध

हे मोठ्या गिरण्यांचे दुखणे आहे, आपल्या चोवीस मागांना कोण विचारतो, असे पुष्कळ बंधू म्हणतात. त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

सेबीने 2021 साली नियम केला आणि 2022-23 पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण व समाजविषयक अहवाल देणे सक्तीचे झाले. केंद्र सरकारने 2023 साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली, तिच्यासाठी निवडलेल्या उद्योगांत वस्त्रोद्योगही आहे. युरोपने सीमेवरचा कार्बन कर आणला, त्याची अहवालाची मुदत ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली आणि प्रत्यक्ष आकारणीचा काळ जानेवारी 2026 पासून. तो आज लोखंड, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालावर आहे, कापडावर नाही. परंतु जुलै 2024 मध्ये अमलात आलेल्या युरोपच्या दुसऱ्या कायद्याखाली मालाबरोबर 'डिजिटल पासपोर्ट' देण्याची तरतूद आहे आणि कपड्यांना त्यात अग्रक्रम दिला गेला आहे. माल कोठे व कसा तयार झाला याची कुंडली त्यात राहील.

हिशेबाची रीत समजून घेण्यासारखी आहे. कारखान्यात स्वतः जाळलेले इंधन हा पहिला भाग. विकत घेतलेली वीज हा दुसरा. माल पुरविणारे व पुढे वापरणारे यांचा धूर हा तिसरा. मोठ्या कपडा कंपनीच्या तिसऱ्या भागात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग येतात. म्हणून तिचा कागद फिरत फिरत आपल्या गल्ल्यापर्यंत पोहोचतो.

आकडा काढणेही कठीण नाही. एक अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराने दहा तास चालली तर सुमारे साडेसात युनिट वीज जाते. चोवीस मागांचे झाले 180 युनिट. आपल्या देशातील विजेमागे युनिटला सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे दिवसाला सुमारे 126 किलो. हे गणित आम्हाला पुतणीने वहीच्या एका पानावर करून दाखविले. त्या पानाअभावी आमची ऑर्डर गेली होती.

शिक्षण कोठे मिळते?

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हवामान बदल व शाश्वतता या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दिल्लीत टेरी स्कूल ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीजमध्ये हवामान विज्ञान व धोरण यात एम.एस्सी. आहे. आपल्याकडे हा अभ्यास दोन वर्षांचा असतो. ब्रिटनमध्ये बहुतेक एम.एस्सी. एका वर्षात होतात. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाचा हवामान व समाज हा एम.ए. अभ्यासक्रमही बारा महिन्यांचा आहे. काही अभ्यासक्रमांना बारावीचे गणित लागते, काहींना कोणतीही पदवी चालते. म्हणून अर्जापूर्वी अटी नीट वाचाव्यात.

वर्गात हवामानशास्त्राची तोंडओळख, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदे व आंतरराष्ट्रीय वाटाघाटी, संगणकावर नकाशे बनविणे आणि प्रत्यक्ष गावात जाऊन पाहणी करणे, असा अभ्यास असतो.

पुढे कामधंदा कोणता?

ज्या कंपन्यांना अहवाल देणे सक्तीचे आहे त्यांना तो लिहिणारी माणसे लागतात. सल्लागार फर्मना व हिशेब तपासणाऱ्या संस्थांनाही लागतात. बँकांमध्ये काम निघाले आहे, कारण रिझर्व्ह बँकेने 2023 साली हरित ठेवींसाठी चौकट घालून दिली. नाबार्डला 2015 साली जागतिक हरित हवामान निधीची मान्यता मिळाली आहे. शहरांच्या योजना आहेत. अहमदाबादेने 2013 साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, मुंबईने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात माग चालविणाऱ्या कारागिराला अशा आराखड्याची किंमत सांगावी लागत नाही. मात्र तो लिहिताना कारागिराच्या बाजूने बोलणारा कोणी खोलीत असला पाहिजे.

दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. या क्षेत्राचे पीक सरकारी धोरणाच्या पावसावर येते. अमेरिकेने 2025 साली पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा आदेश काढला आणि परदेशांना देण्यात येणारी मदत मोठ्या प्रमाणावर कापली. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने अहवालाचे नियम सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून केवळ पदवी घेऊन बसणाऱ्यास नोकरीची हमी नाही. हिशेब, कायदा किंवा संगणक यांपैकी एक हुनर पक्का हवा. ज्याला माग, बॉयलर आणि रंगाई आतून माहीत आहे आणि जो कारागिराशी त्याच्या बोलीत बोलू शकतो, त्याच्याजवळ वर्गात न मिळणारी शिदोरी आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये, पण तयारी एक-दोन वर्षे आधी सुरू करावी.

खर्च आणि व्याज

आपल्या घरांत खरी अडचण येथे येते. परदेशी शिक्षणासाठी व्याजी कर्ज काढण्यास अनेकांचे मन होत नाही. ब्रिटनची चेव्हनिंग आणि युरोपची इरॅस्मस मुंडस या शिष्यवृत्त्या आहेत. चेव्हनिंगसाठी कामाचा अनुभव मागतात. के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देते. हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. लग्नात दोन दिवसांत उडणाऱ्या रकमेतून देशातील दोन वर्षांच्या शिक्षणाचा मोठा भाग निघू शकतो, हेही प्रत्येकाने आपल्या मनाशी तोलून पाहावे.

आमच्या घरात बराच वाद झाला. मुलीला एवढे शिकवून काय, ती माग थोडीच चालविणार, असे म्हणणारेही होते. आम्ही त्यांच्यासमोर ती प्रश्नावली आणि वहीचे पान ठेवले. पुतणीला या वर्षी मुंबई व दिल्ली, दोन्हीकडे अर्ज भरण्यास सांगितले आहे. निवड होणे न होणे अल्लाहच्या हाती. तोवर आमच्या दुकानाच्या विजेचा व कोळशाचा महिनेवार हिशेब तिनेच सुरू केला आहे. वाचक बंधूंनीही निदान तेवढी वही आजपासून घालावी. पुढचा कागद आला तर तो गल्ल्याखाली ठेवण्याची वेळ येणार नाही, इन्शाअल्लाह.