म्हातारपणी आटणारे स्नायू आणि रक्ताचा रिपोर्ट



मागच्या आरोग्य शिबिरानंतर आपल्याच एका हितचिंतक कुटुंबाने उदार मनाने विचारले, "दारव्हा परिसरातल्या सगळ्या वृद्धांच्या रक्ताची संपूर्ण तपासणी आम्ही करून दिली तर?" अशा देणगीबद्दल देवाचे आभार मानायचे की ती दुसरीकडे वळवायला सांगायचे, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. हा लेख त्यातूनच लिहिला आहे.

शिबिरात साठीच्या पुढच्या बायाबापड्यांची तक्रार बहुधा एकच असते. एक आजी म्हणाल्या, "उठाले गेलं का पायात जोरच नाई राहत." जमिनीवरून उठताना त्या दोन्ही हात टेकत होत्या. ना ताप, ना खोकला. घरचे म्हणाले, वय झालं. पण या थकण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे: सार्कोपेनिया. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी हा शब्द सुचवला. त्यातला 'सार्क्स' म्हणजे मांस, देह. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत हा शब्द वारंवार येतो. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताच्या देहधारणेसाठीही तोच आहे. 'पेनिया' म्हणजे उणीव.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहूनही लवकर जाते. मग जन्मभर कापूस वेचलेल्या, डोक्यावरून मोळ्या वाहिलेल्या माणसाचे स्नायू का आटावेत? एक कारण असे की मुळात साठाच थोडा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की आपल्याकडची बाळे जन्मतःच वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी जास्त आणि स्नायू कमी अशी असतात. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना 'लॅन्सेट'मध्ये छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दुसरे कारण ताटातले. आणि तिसरे म्हणजे पडल्यामुळे किंवा आजारामुळे काम एकदम थांबते; खाटेवरच्या दोन-तीन आठवड्यांत वृद्धांचे जेवढे स्नायू जातात, तेवढे परत मिळवायला महिने लागतात.

आता रक्ताकडे येऊ. सार्कोपेनिया आहे की नाही हे एकट्याने सांगेल अशी रक्ताची तपासणी आज नाही. काही घटक धोक्याकडे बोट दाखवतात, एवढेच. सीआरपी हा घटक शरीरातील दाह वाढला की यकृतात तयार होतो. मंद दाह वर्षानुवर्षे राहिला तर स्नायूंची झीज वाढते. पण साधा दात सुजला तरी सीआरपी चढतो, म्हणून एका आकड्यावर विसंबता येत नाही. अल्ब्युमिन कमी आले की 'खाणे कमी पडते' असे सरसकट म्हटले जाते; खरे तर दाह, यकृत आणि मूत्रपिंडाच्या आजारांतही ते उतरते.

क्रिएटिनिनबद्दल मात्र प्रत्येक घराने जाणून घ्यावे. हा पदार्थ स्नायूंतूनच रक्तात येतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. स्नायू कमी असतील तर क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. त्यामुळे वाळलेल्या आजीची मूत्रपिंडे थकलेली असली तरी रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येऊ शकते. त्या भरवशावर गुडघेदुखीच्या गोळ्या रोज पोटात जातात आणि उरलीसुरली मूत्रपिंडेही खराब होतात. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही तपासणी उपयोगी पडते. हा घटक शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायूंशी त्याचा संबंध फार थोडा. क्रिएटिनिनला सिस्टॅटिन सीने भागून येणारा आकडा कमी असेल तर स्नायू कमी असावेत, असा अंदाज संशोधक बांधतात. पण ती तपासणी महाग आहे आणि गावोगावच्या शिबिरात करण्याजोगी नाही.

हिमोग्लोबिन मात्र प्रत्येकाचे पाहावे. स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. आपल्या विदर्भातील आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो, म्हणून फक्त लोहाच्या गोळ्या देऊन थांबू नये. वजन झपाट्याने उतरत असेल तर आधी क्षयरोग आणि मधुमेह तपासावेत. त्यांना म्हातारपणाच्या खात्यात टाकणे ही आपली जुनी चूक आहे. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढावी, पण 'ताकदीचे इंजेक्शन' म्हणून मोठा डोस घेऊ नये. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा फार मोठी मात्रा दिली, तेव्हा त्या उलट जास्त वेळा पडल्या. हे २०१० साली प्रसिद्ध झाले.

खरी पारख सुईशिवाय होते. आशियाई तज्ज्ञ गटाने २०१९ साली ठरवलेली मापे अशी: पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी, हाताची पकड पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोहून कमी, हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला १२ सेकंद किंवा जास्त. घेराला शिंप्याची टेप पुरते. खुर्ची तर प्रत्येक मंडळीत आहे. यांत कमी पडणाऱ्यांनाच पुढच्या तपासणीला पाठवावे.

आणि ताट? वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, असे तज्ज्ञ सुचवतात. म्हणजे ४५ किलोच्या आजीला सुमारे ४५ ते ५४ ग्रॅम. ज्वारीच्या तीन भाकरी आणि दोन वाट्या घट्ट वरण यांतून तिसेक ग्रॅम मिळतात. दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे यांनी उरलेले जवळजवळ भरून निघतात. आपल्या शिवारात पोत्यांनी सोयाबीन पिकते, सगळे बाजारात जाते आणि घरच्या म्हाताऱ्याच्या ताटात मात्र पातळ वरण असते, हे मला कधीच पटले नाही. सोयाबीन नीट शिजवून किंवा भाजून, ज्वारीच्या पिठात थोडे मिसळून खाता येते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

नुसत्या खाण्याने स्नायू बांधले जात नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातील नव्वदीच्या माणसांनी ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला आणि त्यांच्या पायांची ताकद अडीचपटीहून जास्त झाली. आपल्या आजींसाठी भिंतीजवळ खुर्ची ठेवून, शेजारी कुणी उभे राहून, दिवसातून दोनदा आठ-दहा वेळा उठणे-बसणे हा व्यायाम पुरेसा आहे.

त्या हितचिंतक कुटुंबाला आम्ही हेच सर्व सांगितले, आणि त्यांनी मोठ्या मनाने ऐकले. देणगीतून हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी, पकड मोजण्याचे एक यंत्र, दहा टेपा आणि उरलेल्या पैशातून अंडी व शेंगदाणे असे ठरले आहे. मापे घ्यायला दहा-बारा हात लागतील. तरुण संघातील ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारच्या उपासनेनंतर पाळकांकडे नाव द्यावे. टेप कशी धरायची ते तिथेच अर्ध्या तासात शिकवू.