मोहेंजोदडोचा खुळखुळा

डोळे मिटा बरं! एक मिनिट कोणी बोलायचं नाही. काय काय ऐकू आलं? कुकरची शिट्टी? पंख्याची घरघर? रिक्षाचा हॉर्न?

आता कल्पना करा, तुमच्याच वयाच्या एका मुलीने असेच डोळे मिटलेत. पण साडेचार हजार वर्षांपूर्वी, सिंधू नदीजवळच्या मोहेंजोदडो शहरात. तिला काय ऐकू आलं असेल?

आवाज म्हणजे हवेची थरथर. टाळी वाजवली की हवा थरथरते, ती थरथर कानाच्या पडद्यापर्यंत पोचते आणि विरून जाते. मडकं जमिनीत पुरलेलं राहतं, आवाज कसा राहणार? पण एक गंमत आहे. आवाज जातो, तरी तो करणारी वस्तू कधीकधी मागे राहते. ती सापडली की आवाजाचा माग काढता येतो.

मोहेंजोदडो आज पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात आहे. १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी तिथे खोदकाम सुरू केलं आणि मातीखालून विटांचं अख्खं शहर वर आलं. चला, त्या मुलीबरोबर एक फेरी मारू.

सकाळ झाली. पहिला आवाज विहिरीचा. दोर सुटतो सरसर, खाली मडकं आपटतं डुबुक! या एका शहरात सुमारे ७०० विहिरी असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पाणी काढताना दोर काठाला इतका घासला जायचा, की विटांवर खाचा पडल्या. त्या खाचा आजही दिसतात. म्हणजे दोराची ती खरखर विटांवर लिहून ठेवल्यासारखीच झाली की नाही?

मग स्वयंपाकघर. पीठ दळायचंय, पण जात्याची घरघर काही ऐकू येणार नाही, कारण गोल फिरणारं जातं तेव्हा आलंच नव्हतं. गहू-जव दळायचे ते पाट्यासारख्या दगडावर, दुसरा दगड पुढे-मागे घासून. खर्र-खर्र, खर्र-खर्र! पायाखालून मात्र खळखळ येते. घराघरांतलं सांडपाणी गल्लीतल्या नाल्यांमधून वाहतंय. या नाल्या विटांनी बांधलेल्या होत्या आणि वरून झाकलेल्याही!

पुढच्या गल्लीत बांगड्यांची किणकिण. इथे सापडलेली काशाची एक छोटी मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. उजव्या हातात चार बांगड्या आणि डावा हात तर खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला! शंख करवतीने कापूनही तेव्हा बांगड्या करत. कारागिरांच्या घरांतून त्या करवतीची करकर येत असणार.

मण्यांना भोक पाडायचा आवाज आणखी चिवट. मणी ज्या लाल दगडाचे करत, तो फार कठीण असतो. केनॉयर नावाच्या संशोधकांनी तसं भोक स्वतः पाडून पाहिलं. दगडी टोकाचं गिरमिट धनुष्याच्या दोरीने गरगर फिरवलं, तरी तासाभरात साधारण अडीच मिलिमीटरच आत गेलं. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या मण्यासाठी २४ तास नुसतं घर्रर्र, घर्रर्र!

लोहाराच्या घणाचा ठणठणाट मात्र तिथे नव्हता. तांबं आणि कासं होतं, लोखंडाचा वापर अजून सुरू व्हायचा होता.

आणि कुत्र्याचं भुंकणं? त्याचाही पुरावा आहे! चन्हुदडो नावाच्या त्या काळच्याच गावात एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून मांजर गेलं आणि कुत्राही गेला. दोघांच्या पावलांचे ठसे उमटून राहिले. कुत्रा मांजराच्या मागे लागला असावा, असं अभ्यासक म्हणतात. मग केवढा गोंधळ झाला असेल, तो तुम्हीच ऐका.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. मोहेंजोदडोत भाजक्या मातीचे गोल खुळखुळे सापडलेत. आतून पोकळ, आणि पोटात मातीच्या बारीक गोळ्या. हलवलं की गोळ्या आतल्या भिंतीवर आपटतात, भिंत थरथरते आणि बाळ रडायचं थांबतं. तुम्ही लहान असताना तुमच्यासमोर जो खुळखुळा हलवला, तो असाच वाजायचा.

तिथे पक्ष्याच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्याही मिळाल्यात. शिट्टी कशी वाजते ते घरी करून बघा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर मारा. आतली हवा थरथरते आणि ‘हूऽऽ’ असा आवाज येतो. आता बाटलीत थोडं पाणी घाला. आतली हवा कमी झाली, म्हणून आवाज बारीक येईल. पोकळ पक्ष्याच्या पोटातही हेच विज्ञान होतं.

त्या मुलीची भाषा मात्र आपल्याला ऐकू येत नाही. त्यांची चित्रांसारखी लिपी मुद्रांवर कोरलेली आहे, पण ती अजून कोणालाही खात्रीने वाचता आलेली नाही. आईने तिला कोणत्या नावाने हाक मारली, हे आपल्याला ठाऊक नाही. तिच्या भावंडाचा खुळखुळा कसा वाजत होता, हे मात्र ठाऊक आहे.

आता एक काम तुमच्यासाठी. आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, “तुमच्या लहानपणी ऐकू यायचे आणि आता येत नाहीत, असे आवाज कोणते?” जात्याची घरघर, रहाटाची कुरकुर, टाइपरायटरची टकटक… जे जे सांगतील ते वहीत लिहा. कोणत्या वस्तूतून तो आवाज यायचा, तेही लिहा. घरात ती वस्तू असेल, तर जपून ठेवा. तिच्यातच तो आवाज राहतो.