काचेवरची धूळ आणि सूर्याचा मुकुट

८ एप्रिल २०२४ चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला आम्ही तीन कुटुंबं शिकागोहून पहाटेच इंडियानापोलिसला निघालो. बरोबर पोळ्या, बटाट्याची भाजी, थर्मासमध्ये चहा आणि नुकतेच पुण्याहून आलेले आमचे आजोबा. आभाळ स्वच्छ होतं. दुपारी तीननंतर अंधारलं आणि काळ्या चकतीभोवती पांढरा प्रभाकिरीट, म्हणजेच करोना, साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ दिसला. मुलं ओरडत होती, मोठी माणसं गप्प होती.

परतताना मात्र फजिती झाली. मावळता सूर्य समोर आणि गाडीच्या काचेवर दिवसभराची धूळ अन् चिलटं. काच अशी झगमगली की पुढचा ट्रक दिसेना. वायपरने आणखीच फराटे उठले. मागून आजोबा म्हणाले, "अरे, दुपारी सूर्याचा मुकुट दिसला आणि आता एवढा थोरला ट्रक दिसत नाही?"

वाचकहो, सूर्याच्या दुर्बिणी बांधणाऱ्यांची डोकेदुखी नेमकी हीच आहे! सूर्याजवळचा प्रभाकिरीटसुद्धा चकतीच्या सुमारे दहा लाखांश तेजाचा. चकतीचा थोडासा उजेड जरी वाट चुकून बाजूला सांडला, तरी तो बुडालाच. ग्रहणात चंद्र ही चकती हवेच्याही बाहेर झाकतो, म्हणून आपलं काम फुकटात होतं.

फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार लिओ यांनी १९३० च्या सुमारास पिरेनीज पर्वतातल्या पिक द्यु मिदी शिखरावर ग्रहणाविना प्रभाकिरीट पाहून दाखवला. दुर्बिणीच्या आतच त्यांनी कृत्रिम चंद्र बसवला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भिंगासाठी बुडबुडा किंवा ओरखडा नसलेली काच निवडली. आरसा त्यांनी टाळला, कारण त्या काळचे आरसे फार उजेड विखुरत.

आज हवाईत हलेआकाला पर्वतावर, सुमारे दहा हजार फुटांवर, इनोये सौर दुर्बीण आहे. तिचा आरसा चार मीटरचा. त्याच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा सुमारे दोन नॅनोमीटर. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) आता हिशेब करू. एवढ्या गुळगुळीत आरशावरूनही हिरव्या उजेडातले हजारी दोन-अडीच भाग विखुरतात. ते सगळेच प्रभाकिरीटावर पडत नाहीत, चहूकडे पसरतात. पण जो दहा लाखांशाच्या मागे लागलाय, त्याला हेही जड जातं. खडबडीतपणा निम्मा केला तर विखुरणं चौथाईवर येतं. तरंगलांबी दुप्पट केली तरी तेच, म्हणून प्रभाकिरीटासाठी अवरक्त किरण सोयीचे. त्याच किरणांत या दुर्बिणीने प्रभाकिरीटातल्या चुंबकीय क्षेत्राचे नकाशे काढले. ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

धूळ मात्र हट्टी. तिचे कण तरंगलांबीपेक्षा मोठे, त्यामुळे अवरक्तातही ती फारशी नमत नाही. वर हे कण उजेड थोडासाच वळवतात, म्हणजे सूर्याच्या अगदी कडेला, जिथे आपल्याला बघायचंय तिथेच! आणि उघड्या आरशावर ती रोज बसते. आपण पदराने चष्मा पुसतो तसं इथे चालत नाही; ॲल्युमिनियमच्या पातळ मुलाम्यावर ओरखडे पडले की रोगापेक्षा औषध भारी. म्हणून कित्येक वेधशाळांत आरशावर कार्बन डायऑक्साइडचा बर्फ फवारतात. तो घसरता घसरता धूळ घेऊन जातो.

हे सगळं घरी आल्यावर आजोबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पुण्याची बाजू लावून धरली. पुण्याच्या आयुकाने बनवलेली 'सूट' ही अतिनील दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य-एल१ बरोबर गेली. अतिनील किरणांची तरंगलांबी लहान, म्हणजे खडबडीतपणाची शिक्षा उलट वाढते. आणि ती पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर. तिथे नवी धूळ बसत नाही हे खरं, पण इथून बरोबर गेलेला कण पुसायला तिथे कोण जाणार? म्हणून अशी उपकरणं डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतलेली माणसं गाळलेल्या हवेच्या खोलीत जोडतात.

"आणि तुमची गाडी?" आजोबांनी विचारलं. ती अजून तशीच अंगणात उभी होती.