जळालेली मोटर

मराठवाड्यात जालना शहराविषयी ‘जालना, सोन्याचा पाळणा’ अशी म्हण प्रचलित आहे. पूर्वी ही म्हण तेथील भरभराटलेल्या बाजारपेठेमुळे सार्थ वाटे; आता तिला औद्योगिक वसाहतीचाही आधार लाभला आहे. बियाण्यांच्या आणि पोलादाच्या उद्योगांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. येथील विजेच्या भट्ट्यांत लोखंडाचे भंगार वितळवितात आणि त्यापासून घरबांधणीच्या सळया तयार करतात. रोलिंग मिलचे रूळ फिरविणारी मोटर असो, नाहीतर शेतातील विहिरीवरची मोटर असो. ती चालू असते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु एखाद्या दिवशी ती गुरगुरते, लाख जळल्यासारखा उग्र वास सुटतो आणि ती निश्चल होते. ‘मोटर जळाली’ हे दोन शब्द ऐकताच कारखानदाराच्या कपाळावर आठ्या पडतात, तर ऐन हंगामातील शेतकऱ्याचा जीव उभ्या पिकासाठी खालीवर होतो.

मोटर का जळते आणि ती बदलताना कोणती दक्षता घ्यावी, हे समजून घेण्यास एक लहानसे उदाहरण फार उपयोगी पडते. ते म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीचे. जालन्याला आगगाडी नवी नाही. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग सुरू झाला आणि जालना त्या मार्गावरील एक ठाणे बनले. पुढे 1990 च्या दशकात तेथे रुंदमापी रूळ आले. वाफेची इंजिने गेली, पण त्यांची ओढ गेली नाही. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय 1998 मध्ये सुरू झाले. तेथे ओंजळीत मावतील एवढी इंजिने रुळांवरून धावताना पाहून लहानथोर सारेच रमून जातात.

असे इंजिन दिसते वाफेचे, पण चालते विजेवर. त्याच्या बंबाच्या पोकळीत एक छोटी मोटर दडलेली असते. रुळांतून येणारा बारा व्होल्टचा प्रवाह चाकांवाटे तिच्यापर्यंत पोहोचतो. मोटरीत एक कायम चुंबक असतो. त्याच्या कुशीत तांब्याच्या बारीक तारेचे वेढे घातलेला गाभा फिरतो. त्यास आर्मेचर म्हणतात. कार्बनचे दोन ब्रश कम्युटेटर नावाच्या पितळी किंवा तांब्याच्या कड्याला टेकलेले असतात आणि त्यांच्यामार्फत वेढ्यांना वीज मिळते. तांब्याच्या तारेवर लाखेसारखा एक पातळ लेप असतो. हा लेप शाबूत असेल तरच वीज एका वेढ्यातून दुसऱ्यात क्रमाने जाते. अतिशय उष्णतेने लेप करपला, की वेढे एकमेकांस चिकटतात, प्रवाह आडवाटेने धावतो आणि मोटर जळते.

ही उष्णता येते कोठून? मोटर फिरत असताना तिच्या वेढ्यांत एक उलट दाब निर्माण होतो आणि तो बाहेरून येणाऱ्या प्रवाहाला आवरून धरतो. समजा, वेढ्यांचा रोध बारा ओहम आहे. मोटर सुरळीत फिरत असता तिच्यातून एक पंचमांश अँपिअर प्रवाह जातो असे धरू. आता चाक अडकले आणि मोटर जागच्या जागी थांबली, तर उलट दाब नाहीसा होतो आणि प्रवाह एकदम एक अँपिअरवर जातो. प्रवाह पाचपट झाला. परंतु उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती पंचवीसपट झाली! एवढा ताप तो पातळ लेप किती वेळ सोसणार? म्हणजे मोटर जळते ती बहुधा स्वतःच्या दोषाने नव्हे, तर तिला फिरू न देणाऱ्या एखाद्या अडथळ्याने.

म्हणून जाणता कारागीर नवी मोटर हाती घेण्यापूर्वी जुनी का जळाली याचा शोध घेतो. तो इंजिनातून मोटर बाजूला काढतो आणि चाके बोटाने हलक्या हाताने फिरवून पाहतो. ती कोठे अडतात काय? आसाला सतरंजीचा धागा किंवा केस गुंडाळला आहे काय? दातेरी चाकांतील जुने तेल वाळून चिकट झाले आहे काय? चाकांना जोडणारे दांडे वाकले आहेत काय? डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकमेकांशी काटकोनात असावे लागतात. एखादे चाक आसावर थोडेसे जरी सरकले, तरी हा मेळ बिघडतो आणि प्रत्येक फेऱ्यात चाके अडखळतात. दोष सापडेपर्यंत तो पुढचे पाऊल टाकीत नाही.

त्यानंतर तो जळालेल्या मोटरीची खात्री करून घेतो. साध्या आर्मेचरच्या कम्युटेटरवर तीन खंड असतात. मल्टिमीटरने दोन-दोन खंडांमधील रोध मोजला असता तिन्ही वेळा आकडा सारखा आला पाहिजे. एक आकडा फार कमी आला तर वेढे चिकटले आहेत, आणि फार जास्त आला तर तार तुटली आहे, असे समजावे.

आता मापे. मोटरीची लांबी, रुंदी, तिच्या दांड्याची जाडी आणि तो फिरण्याची दिशा ही सर्व कागदावर टिपून ठेवावी लागतात. दांड्यावर बसविलेले सर्पिल दातांचे चाक, ज्यास वर्म म्हणतात, ते हातोडीने ठोकून काढू नये. ओढून काढण्याचे हत्यार वापरावे. नव्या मोटरीचा दांडा बारीक असेल, तर मध्ये पितळेची नळी बसवावी. पुष्कळ जुन्या इंजिनांत एक ब्रश थेट सांगाड्याला जोडलेला असतो. नव्या मोटरीची दोन्ही टोके बहुधा अलग असतात. तेथे सांगाड्यापासून एक तार वेगळी ओढावी लागते. वर्म आणि खालचे दातेरी चाक यांत पातळ कागदाची पट्टी ठेवून मोटर घट्ट करावी व मग पट्टी काढून घ्यावी, म्हणजे दातांना श्वास घेण्यापुरती जागा उरते. शेवटी कमी दाबावर इंजिन चालवून प्रवाह मोजावा. ते उलट धावले तर तारांची अदलाबदल केली, की झाले.

इंजिनाची मोटर हाताच्या अंगठ्याएवढी आणि विहिरीवरची मोटर हंड्याएवढी. त्या मोठ्या मोटरीत कम्युटेटर नसतो व तिला तीन फेजची वीज लागते; परंतु तिच्या जळण्याचे वर्म तेच आहे. गाळ शिरून पंप अडकला, बेअरिंग झिजले किंवा तीनपैकी एक फेज गेली, की उरलेल्या वेढ्यांत प्रवाह बेसुमार वाढतो. रिवाइंडिंग करणारा कारागीर जळालेली तार उपसण्यापूर्वी वेढे मोजतो, तारेची जाडी टिपतो, खाचांत नवा कागद घालतो, नवे वेढे भरतो आणि वार्निश देऊन ते भट्टीत वाळवितो. एवढे श्रम करूनही विहिरीतला गाळ तसाच राहिला, तर तीच मोटर आठ दिवसांत पुन्हा त्याच्या दुकानी येते. शेतकऱ्याचे पैसे जातात आणि त्याहून मोलाची अशी पाण्याची एक पाळी चुकते.

जळालेली वस्तू बदलणे सोपे असते. ती का जळाली हे विचारणे अवघड. जो हा प्रश्न विचारतो, त्याच्या हातून दुरुस्त झालेले यंत्र भंगाराच्या ढिगाकडे न जाता पुन्हा कामाला लागते.