यकृतात सापडणारी साक्ष

लहान आतड्याचा मार्ग रुद्ध झाला, म्हणजे पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी परस्परांस चिकटली आहेत काय, किंवा जांघेत अंतर्गळ अडकला आहे काय, याची चौकशी वैद्य प्रथम करतात, आणि बहुधा कारण तेथेच हाती लागते. परंतु जिच्या पोटाला कधी शस्त्र लागलेले नाही आणि जिच्या जांघेत काही फुगवटाही नाही, अशी एखादी वृद्धा पोट फुगून, हिरवट वांत्या करीत रुग्णालयात येते, तेव्हा तपासाची खरी कसोटी लागते.

अशा प्रसंगी गुन्हेगार क्वचित एक पित्तखडा असतो. वर्षानुवर्षे पित्ताशयात पडून राहिलेला, बहुधा अडीच सेंटिमीटरांहून मोठा झालेला हा खडा दाहाने आद्यांत्राला चिकटलेली भिंत झिजवून आतड्यात उतरतो आणि जेथे लहान आतडे सर्वांत अरुंद होते, त्या शेवटच्या भागात रुततो. शवविच्छेदनात असा खडा आढळल्याची नोंद डॅनिश वैद्य बार्थोलिन यांनी १६५४ मध्येच करून ठेवली आहे. वाटेत तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, आणि त्यामुळे वेदनाही येऊन जाऊन असते. रुग्णाच्या जबानीवर विसंबणारा वैद्य येथे हमखास फसतो.

१९४१ मध्ये अमेरिकेतील रिग्लर व त्यांचे सहकारी यांनी क्ष-किरण चित्रातील तीन खुणा एकत्र मांडल्या: फुगलेली आतडी, भलत्याच जागी दिसणारा खडा, आणि पित्तमार्गात हवा. पैकी खडा पुष्कळदा दिसतच नाही, कारण त्यात कॅल्शियम अल्प असते. मला विलक्षण वाटते ती तिसरी खूण. अडथळा ओटीपोटाच्या उजव्या बाजूस, आणि त्याची साक्ष मात्र वर यकृतात, शाखाशाखांनी पसरलेल्या काळ्या रेषांच्या रूपाने. खड्याने पाडलेल्या छिद्रातूनच आतड्यातील वायू उलट वर चढलेला असतो. अर्थात पित्तनलिकेचे तोंड दुर्बिणीतून कापले असले तरीही तेथे हवा राहते, म्हणून पूर्वेतिहासाचे दप्तर चाळल्यावाचून निकाल देऊ नये. १९७१ मध्ये प्रथम रुग्णावर वापरल्या गेलेल्या सी.टी. स्कॅनमुळे आता हवा, छिद्र आणि खडा बहुधा एकाच तपासणीत उघड होतात.

दुसरे कारण याहून गुप्त. कृश वृद्धेच्या ओटीपोटातील हाडांच्या एका अरुंद खोबणीतून आतड्याचा वेढा मांडीच्या स्नायूंमध्ये शिरतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मांडीच्या आतल्या बाजूची कळ गुडघ्यापर्यंत उतरत असल्याने तक्रार संधिवाताच्या खाती जमा होते. स्कॅनमध्ये तो वेढा स्पष्ट ओळखता येतो. मात्र त्यासाठी चित्रे जघनास्थीच्या खालपर्यंत घेतलेली असावी लागतात.