परक्या घरीं आलेलें अवजार

संगणकाचा सारा कारभार जिच्या हातीं असतो, ती ऑपरेटिंग सिस्टिम. ‘बीओएस’ची मालक कंपनी २००१ सालीं विकली गेली, तेव्हां कांहीं हौशी मंडळींनीं तिच्याच धर्तीवर नवी रचना आरंभिली, २००४ पासून ती ‘हायकू’ या नांवानें ओळखली जाते. हिचे उपासक थोडे. म्हणून पुष्कळशीं साधनें लिनक्सवरून आणावीं लागतात, आणि तंटा येथेंच उपस्थित होतो.

गणिती क्रियांचें भांडार लिनक्सवर ‘लिबएम’ या निराळ्या फायलींत असतें. हायकूंत तें ‘लिबरूट’ या मुख्य भांडारांतच सामावलेलें आहे. साहजिकच साधनाची बांधणी करतांना ‘लिबएम सांपडत नाहीं’ असा संदेश येतो व काम थांबतें. वस्तुतः उणीव कांहींच नसते, केवळ पत्ता चुकलेला असतो. ती मागणी वगळली कीं काम पुढें सरकतें. नेटवर्कच्या क्रियांचा प्रकार नेमका उलट. लिनक्सवर त्या मुख्य भांडारांत असतात; येथें ‘लिबनेटवर्क’ स्पष्टपणें मागावें लागतें.

सारांश, संदेश वाचून प्रथम विचारावें : वस्तु नाहीं, कीं दुसरीकडे आहे? आणि सांपडलेली दुरुस्ती मूळ कर्त्यांकडे अवश्य धाडावी. नाहींतर पुढल्या आवृत्तींत तोच दोष पुन्हां उभा राहतो, आणि मूठभर माणसांचे श्रम त्यांतच खर्ची पडतात.